मन लागत नाही, तेव्हा दिवस रुळावर कसा आणायचा: एक वही आणि सहा आठवडे

मन उतरलं की माणूस सगळ्यात आधी ज्या गोष्टी सोडतो, त्याच बहुतेक वेळा त्याला तगवून धरत असतात. संध्याकाळची चक्कर बंद होते. मैत्रिणीचा फोन "नंतर करू" म्हणून राहतो. पेटी कपाटावर चढते, कुंड्यांना पाणी कुणी तरी दुसरं घालू लागतं. प्रत्येक गोष्ट टाळताना त्या क्षणापुरतं हायसं वाटतं. पण संध्याकाळी मागे वळून पाहिलं तर दिवसात आनंदाचं काही नसतं आणि हातून काही झाल्याचं समाधानही नसतं. मग मन आणखी उतरतं आणि दुसऱ्या दिवशी आणखी एक गोष्ट सुटते.

या चक्रात शिरायची सगळ्यात सोपी जागा म्हणजे कृती. भावना हुकमानं बदलत नाहीत, विचार बदलायलाही बरीच ताकद लागते. दहा मिनिटं चालणं किंवा चार कप विसळणं मात्र मन नसतानाही जमतं, आणि मन त्याच्या मागून येतं. "मूड आला की करेन" हा क्रम उलटा करायचा, एवढंच या पद्धतीचं सार आहे. मानसोपचारात तिला बिहेवियरल ॲक्टिव्हेशन म्हणतात.

अमेरिकेत पीटर लेविन्सन यांनी १९७०च्या दशकात तिचा पाया घातला. १९९६ मध्ये नील जेकबसन यांच्या गटानं नैराश्यावरच्या पूर्ण उपचारपद्धतीची तुलना तिच्यातल्या फक्त कृतीच्या भागाशी केली, तेव्हा तेवढा भागही पूर्ण पद्धतीइतकाच उपयोगी पडल्याचं दिसलं. आपल्या जवळचा पुरावा गोव्यातला आहे. 'संगात' या संस्थेनं डॉ. विक्रम पटेल यांच्या नेतृत्वाखाली तिथल्या दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत ४९५ रुग्णांवर हा प्रयोग केला. सगळ्यांना बऱ्यापैकी तीव्र नैराश्य होतं. समुपदेशन करणारे डॉक्टर नव्हते. त्या कामासाठी प्रशिक्षण दिलेली साधी स्थानिक माणसं होती. सहा ते आठ बैठका, प्रत्येक साधारण अर्ध्या-पाऊण तासाची. तीन महिन्यांनी, ज्यांना ही मदत मिळाली त्यांच्यापैकी ६४ टक्के लोक नैराश्याच्या रेषेखाली आले होते. फक्त नेहमीची सेवा मिळालेल्यांत हे प्रमाण ३९ टक्के होतं. हा अभ्यास 'लॅन्सेट'मध्ये २०१७ साली छापून आला.

खाली दिलेला कार्यक्रम याच तत्त्वावर आहे. तो घरच्या घरी करता येईल असा मांडला आहे. मन उतरलेलं, कंटाळलेलं, थकलेलं असेल तर त्यानं सुरुवात करा. त्रास तीव्र असेल तर तो उपचारांच्या जोडीनं वापरा, उपचारांऐवजी नव्हे.

सुरुवातीआधी: दोन तपासण्या

पहिली तपासणी कागदावरची. पीएचक्यू-९ ही नऊ प्रश्नांची यादी जगभर वापरली जाते आणि मराठीतही उपलब्ध आहे. गेल्या दोन आठवड्यांत या गोष्टींचा त्रास किती दिवस झाला, ते त्यात विचारतात: कशात रस न वाटणं, उदास वाटणं, झोप बिघडणं, थकवा, भूक कमी-जास्त होणं, स्वतःबद्दल वाईट वाटणं, लक्ष न लागणं, हालचाल मंदावणं किंवा अस्वस्थ चुळबुळ, आणि मरणाचे किंवा स्वतःला इजा करण्याचे विचार. अजिबात नाही म्हणजे ०, काही दिवस १, निम्म्याहून जास्त दिवस २, जवळजवळ रोज ३. एकूण गुण २७ पैकी. ५ ते ९ सौम्य, १० ते १४ मध्यम, १५ ते १९ मध्यमापेक्षा तीव्र, २० आणि वर तीव्र. १० किंवा जास्त आले तर डॉक्टरांना भेटा. नवव्या प्रश्नाला शून्याशिवाय काहीही उत्तर असेल तर बेरीज कितीही कमी असो, त्याच दिवशी कुणाशी तरी बोला. 'टेलि-मानस' ही केंद्र सरकारची १४४१६ क्रमांकाची मोफत सेवा चोवीस तास चालते आणि तिथे मराठीत बोलता येतं.

दुसरी तपासणी रक्ताची. थायरॉइड मंदावला, हिमोग्लोबिन उतरलं किंवा बी-१२ कमी पडलं की थकवा, निरुत्साह, लक्ष न लागणं ही सगळी लक्षणं दिसतात. शाकाहारी घरांत बी-१२ची कमतरता सर्रास आढळते. टीएसएच, सीबीसी आणि बी-१२ या तीन तपासण्या कुटुंबाच्या डॉक्टरांना विचारून करून घ्या. शरीरातलं कारण तसंच राहिलं तर वही कितीही नेटानं भरली तरी गाडी पुढे सरकत नाही, आणि दोष माणूस स्वतःला देत बसतो.

पहिला आठवडा: फक्त नोंद

साधी शंभर पानी वही घ्या. मोबाइलमध्ये नोंद करता येते, पण नोंद करायला उघडलेला मोबाइल पंधरा मिनिटं हातातून सुटत नाही. म्हणून वहीच बरी. पानावर चार रकाने आखा: वेळ, काय केलं, आनंद, जमलं. शेवटच्या दोन रकान्यांत ० ते १० मधला आकडा. 'आनंद' म्हणजे ते करताना किती बरं वाटलं. 'जमलं' म्हणजे आजच्या तुमच्या अवस्थेत ते करणं किती मोठं होतं. एरवी आंघोळ ही काही मोठी गोष्ट नसते, पण तीन दिवस अंथरुणातून उठवत नसेल तर आंघोळीला 'जमलं'मध्ये ६ किंवा ७ गुण न्याय्य आहेत.

या आठवड्यात काहीही बदलायचं नाही. दर दोन-तीन तासांनी दोन ओळी लिहायच्या. रात्री एकदम बसून दिवसभराचं लिहू नका, कारण उतरलेलं मन मागचं सगळं एकाच रंगात रंगवतं आणि दुपारी चांगली गेलेली दहा मिनिटं रात्री आठवतही नाहीत.

"काही नाही केलं" अशी नोंद चालणार नाही. माणूस सतत काही तरी करत असतो. पडून छताकडे बघत होतो, तेच भांडण डोक्यात फिरवत होतो, रील्स बघत होतो: जे होतं ते नावानिशी लिहा.

नमुन्यादाखल, नोकरी करणाऱ्या एखाद्याचं एका दिवसाचं पान असं दिसेल:

७ ते ८.३०: अंथरुणात मोबाइल. आनंद २, जमलं ०.
८.३० ते ९.३०: घाईघाईत आंघोळ, चहा. आनंद ३, जमलं ४.
१० ते १: ऑफिस, साचलेल्या मेलना उत्तरं. आनंद २, जमलं ५.
१ ते १.३०: एकट्यानं जागेवरच डबा. आनंद २, जमलं १.
६.४५: जिन्यात शेजारच्या काकांशी पाच मिनिटं गप्पा. आनंद ५, जमलं ३.
७ ते ८: सोफ्यावर, ऑफिसातलं बोलणं डोक्यात. आनंद ०, जमलं ०.
९.३० ते १२.३०: रील्स. आनंद सुरुवातीला ४, शेवटी १.

आठवड्याच्या शेवटी सातही पानं समोर ठेवा आणि पेन्सिलीनं तीन खुणा करा. जिथे आनंद किंवा जमलं ५ किंवा वर गेलं तिथे गोल. जिथे दोन्ही २ किंवा खाली आले तिथे रेघ. आणि जी गोष्ट सुरुवातीला बरी वाटली पण शेवटी आकडा पडला, तिथे बाण. वरच्या पानात गोल फक्त दोन ठिकाणी पडतो: मेलना दिलेली उत्तरं, आणि कुणी ठरवलेल्या नसलेल्या जिन्यातल्या गप्पा. तीन तासांच्या रील्सना बाण मिळतो. आपल्याला विसावा वाटणाऱ्या किती गोष्टी प्रत्यक्षात विसावा देत नाहीत, हे इथे पहिल्यांदा आकड्यांत दिसतं, आणि पुढचा सगळा आराखडा त्यावरच उभा राहतो.

दुसरा आठवडा: दिवसाला तीन गोष्टी

आता ठरवून करायला लागायचं. दिवसाला फक्त तीन गोष्टी: एक आनंदाची, एक हातावेगळी होणारी, एक माणसांबरोबरची. आनंदाची म्हणजे पूर्वी आवडायची अशी कुठलीही. गाणं ऐकणं, मोगऱ्याची कुंडी भरणं, क्रिकेटचा जुना सामना पाहणं. हातावेगळी होणारी म्हणजे संपल्यावर 'झालं एकदाचं' म्हणता येईल अशी. माणसांबरोबरची म्हणजे भावाला पाच मिनिटांचा फोन किंवा खाली कट्ट्यावर बसणंसुद्धा.

बहुतेकांचं गणित इथेच चुकतं, म्हणून गोष्ट कशी लिहायची ते नीट पाहा. "उद्यापासून फिरायला जायचं" ही इच्छा झाली. आराखडा असा असतो: "उद्या सकाळी ७ वाजता, चहा झाल्याबरोबर, चपला घालून सोसायटीच्या फाटकापर्यंत जाऊन परत, १० मिनिटं." त्यात वेळ आहे, जागा आहे, कशाच्या पाठोपाठ करायचं ते आहे आणि कुठे थांबायचं तेही आहे. लिहून झालं की स्वतःला विचारा: उद्याचा दिवस वाईट गेला तरी हे होईल याची खात्री दहापैकी किती? सातच्या खाली उत्तर आलं तर गोष्ट अर्धी करा. पुन्हा विचारा. गरज पडली तर आणखी अर्धी. ओटा आवरायचा असेल तर फक्त कप विसळणं. कपाट लावायचं असेल तर एकच कप्पा. वाचन सुरू करायचं असेल तर दोन पानं. इतकं छोटं लिहायची लाज वाटते, पण पहिल्या दोन आठवड्यांत कामाचा आकार महत्त्वाचा नसतो. ठरवलेलं घडलं, हा अनुभव मनाला परत मिळणं जास्त मोलाचं असतं.

शक्य तिथे निकालाऐवजी वेळ ठरवा. "प्रकरण संपवायचं" याऐवजी "२० मिनिटं पुस्तक उघडून बसायचं". वेळ संपली की थांबा, जोर आला असला तरी. पहिल्याच दिवशी दीड तास खेचला की दुसऱ्या दिवशी अंग आणि मन दोन्ही नकार देतात.

प्रत्येक गोष्टीआधी अंदाज लिहा: किती आनंद वाटेल? झाल्यावर खरा आकडा लिहा. उतरलेल्या मनाचे अंदाज बहुधा खूपच खालचे असतात. "१ वाटेल" म्हणून केलेला फोन ४ देऊन जातो. असे आठ-दहा अंदाज वहीत चुकलेले दिसले की "काही उपयोग नाही" या आतल्या आवाजावरचा विश्वास आपोआप कमी होतो. कुणी समजावून सांगितलं तर तो तसा कमी होत नाही.

एक गोष्ट आधीच माहीत असू द्या. आनंद उशिरा येतो. पहिले दहा-बारा दिवस 'जमलं'चा आकडा चढतो आणि 'आनंद' जागेवरच राहतो. नैराश्यात गोडी लागण्याची क्षमताच मंदावलेली असते, त्यामुळे आवडीचं गाणंही सपाट वाटतं. नेमक्या याच टप्प्यावर लोक वही बंद करतात. करू नका.

ज्यांचा दिवस आधीच भरलेला आहे

वरचं सगळं वाचून अनेक बायका म्हणतील की आमच्याकडे रिकामा वेळ आहेच कुठे. अगदी खरं. पहाटे साडेपाचपासून डबे, शाळा, सासूबाईंची औषधं, नोकरी, स्वयंपाक असा दिवस असेल तर वहीत 'जमलं' सगळीकडे ६-७ दिसतं आणि 'आनंद' सगळीकडे १. इथे कृती वाढवणं हा उपायच नाही, उलट त्यानं त्रास वाढतो. इथे काढायचं असतं. पहिल्या आठवड्याच्या नोंदीतून अशी दोन कामं शोधा जी दुसरं कुणी करू शकतं किंवा रोज न केल्यानं काही बिघडत नाही. त्यातून मोकळा झालेला अर्धा तास घरच्यांसमोर वेळेसकट जाहीर करा: "दुपारी ३ ते ३.३० मी वाचनालयात असते." कारण देऊ नका. कारण दिलं की त्यावर चर्चा होते. बाहेरच्या माणसांशी बांधलेला वेळ जास्त टिकतो, म्हणून भजनी मंडळ, भिशी, योगवर्ग यांसारख्या ठरलेल्या वारी होणाऱ्या गोष्टी उत्तम.

स्पर्धा परीक्षेसाठी पुण्यात खोली घेऊन राहणाऱ्या मुलामुलींचं वेगळं आहे. त्यांच्या पानावर अभ्यास आणि अभ्यास टाळल्याचा अपराधभाव, एवढ्या दोनच गोष्टी असतात. अभ्यासिकेत दहा तास बसायचं, त्यातले चार वाचायचं आणि बाकीचे सहा स्वतःला बोल लावायचा. या मुलांनी अभ्यासाचे तास कमी लिहून पाहावेत: ५० मिनिटांच्या पाच बैठका, आणि संध्याकाळी ६ ते ७ मैदान किंवा टेकडी, रविवारसकट. निकाल वर्षा-दोन वर्षांनी लागणार असतो. तोवर रोज काही तरी हातावेगळं होत असल्याचा अनुभव दुसरीकडून मिळवावाच लागतो.

तिसरा आणि चौथा आठवडा: टाळलेल्या गोष्टी

आता वहीच्या मागच्या पानावर टाळलेल्या गोष्टींची यादी करा. बँकेचं न उघडलेलं पाकीट, दाताचा डॉक्टर, एका मित्राचा महिनाभर अनुत्तरित राहिलेला व्हॉट्सॲप. प्रत्येकीपुढे ० ते १० मध्ये भीतीचा आकडा टाका. सुरुवात ३ किंवा ४ वाल्या गोष्टीपासून करायची, सगळ्यात भीतीदायक गोष्टीपासून नाही. मग तिचे तुकडे पाडा. बँकेच्या पाकिटाचे तुकडे असे: आज पाकीट फोडून कागद टेबलावर उलगडून ठेवणं. उद्या फक्त रक्कम आणि तारीख वाचून वहीत लिहिणं. परवा शाखेत कुणाला भेटायचं ते विचारणं. चौथ्या दिवशी सकाळी ११ वाजता जाणं, शक्य असल्यास कुणाला सोबत घेऊन. चारपैकी पहिला तुकडा सगळ्यात जड असतो, कारण भीती न वाचलेल्या आकड्याची असते.

टाळण्याचा एक छुपा प्रकार म्हणजे विचार चघळत बसणं. बाहेरून ते विचार करण्यासारखं दिसतं, करणाऱ्यालाही वाटतं की आपण प्रश्न सोडवतो आहोत. ओळखायची कसोटी सोपी आहे. दोन मिनिटं विचार करा आणि थांबून विचारा: पुढचं पाऊल निघालं का? नवीन काही कळलं का? दोन्हीला उत्तर नाही असेल तर ते चघळणं आहे. तेव्हा विचारांशी वाद घालू नका, डोळे आणि हात दोन्ही गुंततील असं काम घ्या. मेथी निवडणं, तांदळातले खडे काढणं, कपड्यांच्या घड्या, सायकल पुसणं. टीव्ही लावणं इथे फारसं कामाचं नाही, कारण त्यात हात रिकामे राहतात आणि डोकं मागे चालूच राहतं.

काळजीचा स्वभाव असेल तर काळजीची वेळ ठरवा. थॉमस बोरकोवेक यांच्या गटानं १९८३ मध्ये ही युक्ती तपासली होती. रोज संध्याकाळी, समजा ५.३० ते ६, एकाच खुर्चीवर. अंथरुणात नाही आणि झोपायच्या आधीच्या दोन तासांत नाही. दिवसभरात काळजी आली की चिठ्ठीवर चार शब्द लिहायचे, "बाबांचा रिपोर्ट", आणि हातातल्या कामाकडे परत यायचं. संध्याकाळी चिठ्ठ्या समोर घेऊन दोन ढीग करायचे. ज्याचं काही करता येतं त्यापुढे पहिली कृती आणि तारीख लिहायची. ज्याचं काहीच करता येत नाही ती चिठ्ठी वाचायची, वाईट वाटलं तर वाटू द्यायचं, आणि वेळ संपली की उठायचं. बऱ्याच चिठ्ठ्या संध्याकाळपर्यंत शिळ्या झालेल्या आढळतात. पहिल्या आठवड्यात काळजी पुढे ढकलणं फसतं, विचार पाच मिनिटांनी परत येतो. तेव्हा परत चिठ्ठी. तेवढंच करायचं आहे.

झोप

झोपेबाबत सगळ्यात मोठी चूक म्हणजे लवकर आडवं होणं. काल झोप झाली नाही म्हणून आज नऊलाच गादीवर जायचं, मग बारापर्यंत कूस बदलत राहायचं. असं महिनाभर केलं की शरीर अंथरुणाची सांगड जागरणाशी घालतं. ही सांगड सोडवायचे नियम रिचर्ड बूटझिन यांनी १९७२ मध्ये मांडले आणि आजही निद्रानाशाच्या उपचारात तेच पहिले शिकवले जातात.

उठायची वेळ ठरवा, झोपायची नाही. रविवारीही तीच. उठल्यावर अर्ध्या तासात बाल्कनीत, गच्चीवर किंवा रस्त्यावर १५-२० मिनिटं उजेडात. रात्री डोळे मिटायला लागले तरच गादीवर जा. साधारण वीस मिनिटांत झोप लागली नाही असं वाटलं की उठा. घड्याळ बघू नका, ते भिंतीकडे तोंड करून ठेवा. मंद दिव्यात कंटाळवाणं काही तरी करा आणि झोप आली की परत या. एका खोलीच्या घरात दुसरीकडे जायला जागा नसते. तिथे गादीवरून उतरून भिंतीला टेकून चटईवर बसलं तरी चालतं, आणि दिवसा गादी गुंडाळून ठेवावी, तिच्यावर लोळून मोबाइल बघू नये.

दुपारची डुलकी तीनच्या आधी आणि २०-३० मिनिटांची. चहाचा शेवटचा कप दुपारी चारला, कारण कॅफिन निम्मं व्हायलाच साधारण पाच तास लागतात. दारूनं झोप लवकर लागते, पण उत्तररात्री ती मोडते आणि सकाळचं मन आणखी जड होतं.

एवढ्यानं दोन आठवड्यांत फरक पडला नाही तर अंथरुणातला वेळ कमी करून पाहता येतो. समजा नऊ तास गादीवर जातात आणि झोप सहाच तास लागते. मग उठायची वेळ सहा ठरवून बाराच्या आधी गादीवर जायचं नाही. आठवडाभर सहापैकी ८५ टक्के वेळ, म्हणजे पाच तासांहून थोडा जास्त, झोपेत गेला की पुढच्या आठवड्यात पंधरा मिनिटं आधी जायचं. असं वाढवत न्यायचं. साडेपाच तासांच्या खाली वेळ आणू नका. पहिले काही दिवस दिवसा पेंग येते, म्हणून गाडी किंवा यंत्र चालवणाऱ्यांनी हे करू नये. फिट येणाऱ्यांनी आणि ज्यांना आयुष्यात कधी झोप फारशी न लागताही अंगात विलक्षण उत्साह, भरमसाट बोलणं, अवाच्या सवा खर्च असे दिवस आले आहेत, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात करू नये. द्विध्रुवी आजारात झोप तोडल्यानं उन्मादाचा झटका येऊ शकतो.

पाचवा आणि सहावा आठवडा

आता तीनाच्या चार-पाच गोष्टी करा आणि आधीच्या गोष्टींना पाच-पाच मिनिटं वाढवा. चालणं इथवर २०-२५ मिनिटांवर आलेलं असेल. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम सुचवते. मध्यम म्हणजे चालताना बोलता येतं, गाता येत नाही इतपत वेग. तिथे पोचायची घाई नको. दर दोन आठवड्यांनी पीएचक्यू-९ पुन्हा भरा आणि तारखेसह वहीच्या पहिल्या पानावर लिहा. सहा आठवड्यांत पाच किंवा जास्त गुण उतरले तर खरा फरक पडला आहे. आकडा हलला नाही किंवा वर गेला तर घरगुती प्रयत्नांची मर्यादा आली असं समजून मदत घ्या.

चांगले चार दिवस गेल्यावर एक वाईट दिवस येणारच. त्या दिवसासाठी वेगळं पान आधीच लिहून ठेवा. त्यावर तीनच गोष्टी: आंघोळ, दोन वेळचं काही तरी पोटात, एका माणसाशी बोलणं. त्या माणसाचं नाव आणि नंबर तिथेच लिहा, कारण त्या दिवशी आठवायची ताकद नसते. त्याखाली स्वतःच्या घसरणीच्या पहिल्या खुणा नोंदवा. कुणाची दाढी राहते, कुणी फोन सायलेंटवर टाकतं, कुणी देवपूजा सोडतं. यातल्या दोन खुणा सलग तीन दिवस दिसल्या की दुसऱ्या आठवड्याच्या आराखड्यावर परत यायचं.

घरच्यांसाठी

"मनावर घेऊ नकोस", "आमच्या वेळी असलं काही नव्हतं", "जरा बाहेर जा, बरं वाटेल". यातलं कुठलंही वाक्य आजवर कुणाला उठवू शकलेलं नाही. त्याऐवजी: "मी दूध आणायला चाललोय, चपला घाल, दोघं जाऊ." सल्ला कमी, सोबत जास्त. त्यांचं सगळं काम स्वतःवर घेऊ नका, त्यानं हातून काही होत असल्याची शेवटची जाणीवही जाते. अर्धं करा, अर्धं त्यांच्यासाठी ठेवा. आणि मरणाबद्दल थेट विचारायला घाबरू नका. "जगणं नको वाटतं का? स्वतःला काही करून घ्यायचे विचार येतात का?" असं विचारल्यानं तो विचार डोक्यात भरत नाही. विचारलं की माणूस मोकळा होतो आणि मदत वेळेत मिळते. उत्तर हो आलं तर एकटं सोडू नका. कीटकनाशक, गोळ्यांचा साठा हाताशी राहणार नाही असं पाहा आणि लगेच रुग्णालय गाठा.

मदत घ्यायची झाल्यास

मानसोपचारतज्ज्ञ हे वैद्यकीय डॉक्टर असतात आणि औषधं देतात. मानसशास्त्रज्ञ आणि समुपदेशक बोलण्यातून उपचार करतात, औषधं देत नाहीत. जिल्हा रुग्णालयांत मनोविकारांची ओपीडी असते. पुणे, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी इथे शासनाची प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत आणि तिथल्या ओपीडीत येणारे बहुतांश लोक दाखल न होता औषधं घेऊन घरी जातात. २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं आरोग्य विम्यात मानसिक आजारांना शारीरिक आजारांसारखंच धरणं बंधनकारक केलं आहे. पॉलिसी काढून ठेवली असेल तर तपासून पाहा.

पहिल्या भेटीत वेळ थोडा असतो आणि नेमकं सांगायचं राहून जातं. म्हणून वही सोबत न्या. झोपेचे तास, पीएचक्यू-९चे आकडे, चालू असलेली सगळी औषधं, काढा-चूर्णासकट, आणि घरात कुणाला असा त्रास झाला होता का, हे एका पानावर लिहा. नैराश्यावरच्या औषधांचा परिणाम दिसायला दोन ते चार आठवडे लागतात, कधी सहाही. मळमळ, डोकं दुखणं, अस्वस्थता असे त्रास मात्र पहिल्या आठवड्यातच जाणवतात आणि बहुधा काही दिवसांत ओसरतात. त्यामुळे पहिल्या दहा दिवसांत "हे मला मानवत नाही" म्हणून गोळी सोडण्याआधी डॉक्टरांना फोन करा. बरं वाटल्यावरही पुढे काही महिने औषध चालू ठेवावं लागतं, आणि थांबवायचं ते डॉक्टरांच्या सांगण्यावरून, मात्रा हळूहळू उतरवत.